'सायलेंट नाइट, डेडली नाइट पार्ट २' : पैसा कमी पडला की सण?

निशाचर

सणाच्या दिवशी घडणाऱ्या स्लॅशरपटांवर इथे सलग चर्चा झालेली दिसली नाही, म्हणून धागा काढतोय. स्लॅशर म्हणजे एक खुनी, हातात काहीतरी धारदार आणि एकेक करून संपत जाणारी माणसं. त्यातही नाताळ, हॅलोविन, व्हॅलेंटाइन डे असा एखादा दिवस धरून काढलेल्या सिनेमांची वेगळी शाखाच आहे. नाताळच्या सुट्टीत कर्वेनगरला आमच्या गच्चीवर चादर बांधून आम्ही मित्रमंडळी असले सिनेमे बघतो. यंदा 'सायलेंट नाइट, डेडली नाइट पार्ट २' लावला आणि त्यावरून आमच्यात बराच वाद झाला. (पुढे कथानक फुटणार आहे. बघायचा असेल तर इथेच थांबा.)

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिला भाग ९ नोव्हेंबर १९८४ ला अमेरिकेत लागला. १९७१ च्या नाताळच्या आदल्या रात्री सांताच्या कपड्यांतला एक दरोडेखोर लहानग्या बिलीच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांना मारतो. पुढे अनाथाश्रम, तिथली मारकुटी मदर सुपीरियर (म्हणजे प्रमुख नन), मग खेळण्यांच्या दुकानात नोकरी. आणि नाताळात दुकानाचा मालक नेमका बिलीलाच सांताचा लाल डगला चढवतो. तिथून त्याचं डोकं फिरतं. सिनेमा थोर नाही, पण गोष्टीला कणा आहे. ज्या वेषाची आयुष्यभर धास्ती घेतली, तोच अंगावर चढतो.

दुसरा भाग एप्रिल १९८७ चा. नाताळचा सिनेमा, एप्रिलमध्ये! बिलीचा धाकटा भाऊ रिकी मनोरुग्णालयात आहे. डॉक्टर ब्लूम टेपरेकॉर्डर लावून त्याला बोलतं करतात आणि तो भावाची कहाणी सांगतो. म्हणजे पडद्यावर पहिल्या भागातलेच प्रसंग पुन्हा येतात. थोडेथोडके नाहीत, पूर्वार्धाचा बहुतेक भाग त्यातच जातो. प्रोड्यूसरांना मुळात नवं काही चित्रित करायचंच नव्हतं. पहिल्या भागाची उलटसुलट काटछाट करून तोच 'भाग दुसरा' म्हणून बाजारात आणायचा होता. दिग्दर्शक ली हॅरीने आग्रह धरला म्हणून निदान उरलेला सिनेमा नवा झाला.

बरं, जुनी फीत वापरली, हरकत नाही. पण ती कोणाच्या तोंडून? आईवडील मारले गेले तेव्हा रिकी तान्हा होता. बिलीने दुकानात माणसं मारली तेव्हा रिकी अनाथाश्रमात होता. जे त्याने पाहिलंच नाही ते तो तपशीलवार सांगतो, आणि डॉक्टर एकदाही विचारत नाहीत की बाबा रे, तुला हे कसं ठाऊक? हा एक प्रश्न संवादात घालायला काहीही खर्च नव्हता. उलट त्यातूनच सिनेमा उभा राहिला असता. रिकी भावाची गोष्ट मनाने रचतोय, त्याच्या आठवणी उसन्या आहेत, एवढं नुसतं सुचवलं असतं तरी जुन्या फितीला अर्थ आला असता.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. यात सण कुठे आहे? पहिल्या भागाचं चित्रण युटामधलं. तिथे बर्फ दिसतं, थंडी जाणवते. रिकीचे स्वतःचे बरेचसे खून मात्र कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात होतात. एकाच्या अंगातून छत्री आरपार जाते, एकाला गाडीच्या बॅटरीच्या वायरींनी शॉक बसतो, मग रिकी पिस्तूल घेऊन गल्लीतून चालत सुटतो. यातलं काहीच नाताळाला बांधलेलं नाही. सांताचा डगला येतो तो थेट शेवटी, मदर सुपीरियरच्या घरी.

"बजेटच नव्हतं, सांभाळून घ्या" असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं. मला ते अजिबात मान्य नाही. १९७८ चा 'हॅलोविन' साधारण तीन लाख डॉलरांत झाला. गोष्ट ऑक्टोबरची, चित्रण वसंतातलं. वाळकी पानं मिळेनात म्हणून पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला परत टाकायची. खुन्याचा मुखवटा दुकानातून आणलेला, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा, त्याला पांढरा रंग मारलेला. गोष्ट इलिनॉयची, आणि काही शॉटमध्ये मागे कॅलिफोर्नियाची पामची झाडं चक्क दिसतात! तरी कोणाचं लक्ष जात नाही, कारण हॅलोविनच्या रात्री कोणाचाही मुखवटा संशयास्पद वाटत नाही आणि मुलं दारोदार फिरत असतात, हे दिग्दर्शक जॉन कारपेंटरने गोष्टीत पुरेपूर वापरलंय.

माझं म्हणणं एवढंच की सणाच्या दिवशी माणसं जे करतात त्यातूनच भीती यायला हवी. त्या दिवशी आपण दार उघडं ठेवतो, अनोळखी माणसाला आत घेतो, वेष करतो, गाणी म्हणतो. ते नसेल तर सण नुसता पोस्टरवर उरतो. तुमची मतं वाचायला आवडतील.

मृण्मयी

रुमाल टाकून ठेवतेय. सिनेमा पाहिलेला नाही, पण उसन्या आठवणींचा मुद्दा फार आवडला. सविस्तर नंतर.

फीतवेडा

निशाचर, सुंदर धागा. तुमच्या मुद्द्याला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे १९७४ चा 'ब्लॅक ख्रिसमस'. कॅनडाचा सिनेमा, दिग्दर्शक बॉब क्लार्कचा, चित्रण टोरांटोत. हॅलोविनच्याही चार वर्षं आधीचा.

त्यातला एक प्रसंग सांगतो. मुलींच्या वसतिगृहाच्या दारात लहान मुलं कॅरल म्हणजे नाताळची गाणी गायला आलेली आहेत. खाली नायिका दारात उभी राहून ऐकतेय. त्याच वेळी वरच्या खोलीत तिच्या मैत्रिणीवर काचेच्या शोभेच्या युनिकॉर्नने वार होतायत. कॅमेरा एकदा खाली, एकदा वर. मुलांचे कोवळे आवाज संपूर्ण प्रसंगावर पसरलेले, आणि त्यांच्यामुळेच वरचं काही खाली ऐकू येत नाही. कॅरल काढून टाका, प्रसंगच राहत नाही. सण गोष्टीत विणलेला असणं म्हणजे हे.

खर्चाचं म्हणाल तर खुन्याच्या नजरेने दिसणारे शॉट घेण्यासाठी कॅमेरामन बर्ट डंकने कॅमेरा स्वतःच्या अंगावर बांधून घेतला आणि भिंतीवरच्या वेलाच्या जाळीवरून तोच वर चढला. संगीतकार कार्ल झिट्रर याने पियानोच्या तारांना काटे, कंगवे, सुऱ्या अडकवून ते भेसूर आवाज काढले. घरात सापडणाऱ्या वस्तूच की! आणि खुनी कोण, का मारतो, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. इकडे रिकीचं बालपण, त्याला लाल रंग का सहन होत नाही, नन दिसल्या की काय होतं, सगळं समजावून सांगितलंय. एवढं कळल्यावर माणसाची कीव येते, भीती वाटत नाही.

विठ्ठलवाडीकर

मी या सिनेमाची बाजू घेणार आहे आणि मनापासून घेणार आहे.

पूर्वार्ध सोडून द्या, त्यात ली हॅरीचा दोष कमी. पण रिकी गल्लीत उतरतो ती पाच-सात मिनिटं विसरता येत नाहीत. एक गृहस्थ सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला येतो, रिकी "गार्बेज डे!" असं ओरडतो आणि गोळी घालतो. पुढे गाडी अंगावर येते, ती उलटते, पेटते. इतक्या वर्षांनी जगभरचे लोक तो तुकडा इंटरनेटवर पुन्हा पुन्हा बघतात. पहिला भाग त्याच्यापेक्षा नीटनेटका आहे, पण त्यातलं एक तरी वाक्य लोकांच्या तोंडी आहे का?

मला त्या प्रसंगात खरी भीती दिसते. भर दिवसा, ओळखीची गल्ली, कचऱ्याचा दिवस. दुसऱ्या घरात कोणाला काही पत्ता नाही. सण नसला म्हणून काय झालं?

निशाचर

विठ्ठलवाडीकर, तो तुकडा लक्षात राहतो हे शंभर टक्के खरं. पण तुम्हीच म्हणताय ना, कचऱ्याचा दिवस? मग तोच सिनेमा करायचा होता. रोजच्या दिनक्रमातल्या माणसावर अचानक झालेला हल्ला ही स्वतंत्र कल्पना आहे आणि चांगली आहे. नाव, पोस्टर, डगला नाताळाचा आणि जीव मात्र या गल्लीत. दोन्हीकडून प्रेक्षकाच्या हाती अर्धंच लागतं.

आभा_को

मी नाटकातली, त्यामुळे अभिनयाबद्दल बोलते. काल रात्री पूर्ण बघितला.

रिकी झालेल्या एरिक फ्रीमनच्या भुवयांवर सगळे हसतात. मला त्या मुलाबद्दल वाईट वाटलं. प्रत्येक वाक्य तो एकाच पट्टीत, मागच्या रांगेपर्यंत पोचवायच्या जोराने म्हणतो, आणि कॅमेरा त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. आपल्याकडे एकांकिकेतून थेट शॉर्टफिल्ममध्ये आलेल्या मुलांचं पहिल्या दिवशी अगदी हेच होतं. आवाज खाली आणायला, चेहरा सोडून द्यायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ त्याला मिळालेला दिसत नाही.

पण मला खरा राग आला तो डॉक्टरांच्या खोलीवर. एक टेबल, दोन माणसं, एक टेपरेकॉर्डर. एक खुनी आहे आणि दुसऱ्याला दार बंद असताना त्याच्यासमोर बसायचंय. अहो, यापेक्षा जास्त काय लागतं? भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत आपण दरवर्षी बघतो, एक बाकडं आणि दोन पोरं तासभर सगळं नाट्यगृह धरून ठेवतात. इथे त्या दोघांत काहीच घडत नाही. डॉक्टर प्रश्न विचारतात, रिकी उत्तर देतो, जुना प्रसंग येतो, परत टेबल. कोण कोणावर चढतंय, कोण घाबरलंय, काही बदलतच नाही. शेवटी रिकी त्याच टेपच्या फितीने डॉक्टरांचा गळा आवळतो. कल्पना बघा किती ताकदीची आहे! ज्या फितीवर त्याचा कबुलीजबाब आहे तीच हत्यार होते. आणि ते आपल्याला नुसतं उरकल्यासारखं दाखवतात. टेपरेकॉर्डर मधूनमधून दिसत राहिला असता, रिकीची नजर त्याच्या फिरणाऱ्या चकत्यांवर गेली असती, तर शेवटाला अंगावर काटा आला असता.

मृण्मयी

आभाताई, +१००. शेवटचं वाक्य वाचूनच काटा आला.

ध्वनिवाला

लोकेशन साउंडचं काम करतो, म्हणून दोन गोष्टी. पुण्यात कमी पैशांत होणाऱ्या भयपटांवर मी बऱ्यापैकी काम केलंय. चित्र हल्ली मोबाइलवरही बरं येतं. सिनेमा गरीब वाटतो तो आवाजामुळे. टाइल्स लावलेल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये संवाद घेतला की तो डबक्यातून आल्यासारखा येतो. भिंतींना गोधड्या लावा, फ्रीज बंद करा, पंखा बंद करा, शेजारणीला कुकर नंतर लावायची विनंती करा. आणि शूट संपल्यावर सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. ती नसेल तर एडिटिंगमध्ये प्रत्येक कटला आवाजाला भोकं पडतात. भयपटात तर शांतताच सगळ्यात जास्त वेळ वाजत असते. या सगळ्याला गोधड्या धुवायच्या खर्चाखेरीज खर्च नाही.

फीतवेडा यांनी सांगितलेला पियानोचा किस्सा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असायला हवा.

तालमणी

आवाजाचा विषय निघालाच आहे तर हॅलोविनच्या संगीताबद्दल. ते कारपेंटरने स्वतःच केलं, वाद्यवृंदाला पैसे नव्हते. वडील संगीताचे शिक्षक, त्यांनी लहानपणी बाँगोवर पाचाचा ठेका शिकवलेला, तोच त्याने पियानोवर घेतला. तबला वाजवणाऱ्यांनी मोजून बघा, दहा मात्रांत तो ३-३-२-२ असा पडतो. आपला झपतालही दहाचाच, पण २-३-२-३. झपतालात झुलायला होतं. तिथे मात्र दोन तिनांनंतर आलेल्या दोन दोनांमुळे पाय अडखळल्यासारखा वाटतो, आणि समेवर यायची घाई झाल्यासारखं होतं. कोणीतरी मागून चालतंय असं वाटतं ते त्यामुळे. एका माणसाने, अगदी थोड्या दिवसांत केलेलं काम आहे हे.

कॅम्पकर

आमच्या घरी नाताळ असतो. करंज्या, शंकरपाळी, केक सगळं. त्यामुळे 'सणाची विटंबना' या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं असं वाटलं.

पहिल्या भागाच्या वेळी अमेरिकेत पालक थिएटरबाहेर निदर्शनं करत होते. त्यांचा मुख्य आक्षेप जाहिरातींवर होता. कुऱ्हाड घेतलेला सांता टीव्हीवर मुलं बघत असतील अशा वेळी दाखवत होते. वितरक कंपनी ट्रायस्टारने आधी जाहिराती थांबवल्या, मग सिनेमाच काढून घेतला. मला त्या पालकांचं म्हणणं पटतं. चार वर्षांच्या मुलाला ते दिसायला नकोच. पण मोठ्यांसाठी असा सिनेमा काढूच नये, हे नाही पटत.

खरं सांगू का, भीती आमच्या नाताळात आधीपासून आहे. डिसेंबरात रात्री उशिरा कॅरल पार्टी घरोघर येते. कुत्री भुंकायला लागतात, खाली गिटार वाजते, दार उघडतो. गाणाऱ्यांबरोबर सांता असतो, प्लास्टिकचा मुखवटा, कापसाची दाढी. मुखवट्याआड चर्चमधलाच कोणीतरी मुलगा आहे हे माहीत असतं. पण कोण, ते दरवर्षी ओळखू येतंच असं नाही. लहानपणी मी आईच्या मागे लपायचे. तो मुखवटा हसरा असतो आणि बोलत नाही. पार्टी पुढच्या घरी गेली आणि सांता मागेच राहिला, एवढं एक दृश्य करा. नाताळ साजरा करणारा कोणीही माणूस खुर्चीत ताठ होईल. आणि विटंबनाही नाही, कारण हे ज्याने सण जवळून पाहिलाय त्यालाच सुचेल. मला राग येतो तो सणाबद्दल काहीच माहीत नसताना नुसता लाल डगला उचलणाऱ्यांचा.

फीतवेडा

कॅम्पकर, "पार्टी पुढे गेली आणि सांता मागेच राहिला". हा तयार सिनेमा आहे. जपून ठेवा.

हाच जवळून पाहण्याचा मुद्दा १९८१ च्या 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'लाही लागू आहे. खाणकामगारांचं गाव, व्हॅलेंटाइनच्या रात्रीचा नाच, आणि जुन्या खाण अपघातामुळे त्या नाचावर आलेली बंदी. चित्रण कॅनडाच्या नोव्हा स्कोशातल्या सिडनी माइन्सच्या खऱ्या कोळशाच्या खाणीत. सेन्सॉरने रक्तपात भरपूर कापला, तरी सिनेमा टिकून राहिला, कारण गाव खरं वाटतं.

सदाशिवपेठी

सगळा धागा एका दमात वाचला. आता मी विचारतो, हे सगळं आपल्या सणावर का नाही? गणेशोत्सव म्हणाल तर विसर्जनाच्या ढोल-ताशात किंकाळी बुडते, हे कोणालाही पहिल्यांदा सुचेल. पण ती गर्दी कमी पैशांत उभी करता येत नाही आणि खऱ्या मिरवणुकीत शूटिंग म्हणजे सगळा सिनेमा पोलिसांच्या आणि मंडळांच्या मर्जीवर. माझ्या मनात दिवाळी आहे.

धनत्रयोदशीला संध्याकाळी आपण यमदीप लावतो. कणकेचा दिवा, वात दक्षिणेकडे, घरात अपमृत्यू येऊ नये म्हणून. दुसरी कुठली सुरुवात हवी? पेठेतला जुना वाडा, सात-आठ बिऱ्हाडं, त्यातली निम्मी बिल्डरला जागा देऊन निघून गेलेली. उरलेल्यांच्या दारात दिवे. एका दारातला दिवा कोणीतरी उचलून उत्तरेकडे तोंड करून ठेवलाय. आजी बघते, गुपचूप परत फिरवते, कोणाला बोलत नाही.

मग नरकचतुर्दशीची पहाट. वर्षातली हीच एक वेळ, जेव्हा अख्खं घर काळोखात उठतं. बंब पेटलेला, न्हाणीघरात वाफ, उटण्याचा वास, कोणीतरी दाराबाहेर पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतंय. बाहेर पहिला फटाका कोण लावतो याची पोरांची चढाओढ, त्यामुळे कुठलाही आवाज संशयाचा नाही. आणि सकाळी फराळाची ताटं. विणलेल्या रुमालाखाली झाकलेलं ताट घेऊन कोणीही आलं तरी "कोण?" असं न विचारता आपण दार उघडतो. ताट रिकामं परत द्यायचं नसतं म्हणून आलेल्याला आत बसवून स्वयंपाकघरात वळतो. म्हणजे अनोळखी माणसाकडे पाठ करतो.

निशाचर, तुम्ही म्हणता तसं सणातूनच भीती येणं ते हेच ना?

निशाचर

हेच! ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून पाठ वळते, यापुढे मला काही बोलायचंच नाही. एवढंच सुचवेन की खुन्याला बालपण नको. वाडा पाडायला निघालेला बिल्डर वगैरे तर मुळीच नको, ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येईल.

विठ्ठलवाडीकर

पटलं. पण एक तरी प्रसंग भर उन्हात ठेवा. भाऊबीजेच्या दुपारी, जेवणं होऊन सगळे आडवे झालेत तेव्हा. ही माझी मागणी.

मृण्मयी

भावना दुखावतील का हो? कोणी ना कोणी म्हणणारच, दिवाळीच मिळाली का यांना.

सदाशिवपेठी

म्हणतील, मृण्मयीताई. पण आजीला सगळ्यात आधी कळतं, दिवा फिरवणारी तीच आणि शेवटी वाचणारीही तीच. जी सण नीट पाळते ती वाचते. दिवाळीचा अपमान यात कुठे आहे, मला दिसत नाही.

आभा_को

आजीसाठी माझ्या डोळ्यांसमोर एक बाई आहेत, हौशी नाटकात आयुष्य गेलेल्या. आवाज चढवत नाहीत, नुसत्या बघतात. आधी तालमी हव्यात मात्र. त्याच वाड्यात, निदान आठवडाभर, कॅमेरा न लावता.

ध्वनिवाला

आवाजाचं मी बघतो, पैसे नकोत. अट एकच, शूटिंग दिवाळीत करायचं नाही. त्या चार दिवसांत पेठेत एक वाक्य स्वच्छ मिळणार नाही. फटाके दिवाळीत वेगळे रेकॉर्ड करून ठेवू, जवळचे, लांबचे, गल्लीत घुमणारे, बोळातून येणारे. चित्रण फेब्रुवारीत, पहाटे तीन ते पाच. थंडी असेल, बंबाची वाफ कॅमेऱ्यात दिसेल. हॅलोविनवाल्यांनी पानं रंगवली, आपण आकाशकंदील टांगू. सदाशिवपेठी, वाड्याच्या मालकांशी बोलून घ्या आणि न्हाणीघराची फरशी कशी आहे ते मला कळवा. शहाबादी असली तरी गोधड्या लागतीलच.